कापलेला कर परत मागताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात आयकरावर भाषण आहे हे वाचून पुष्कळ जणींनी नाक मुरडले असेल, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. गेल्या वर्षी याच वेळी आपण उखाण्यांत रंगून गेलो होतो. यंदा चिटणीसबाई मजकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ते कराचे पैसे परत मिळवलेत ना, तेच सांगा. आपल्यांत नोकरी बदललेल्या सात-आठ जणी तरी आहेत." मी म्हटले, "अहो, मी वकील नव्हे, हिशेबतपासनीसही नव्हे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही सांगा. वकिलांचे बोलणे आम्हांला कळत नाही."

तेव्हा मी सांगणार आहे ती हकीकत एका बाईची, एका वर्षाची आणि ३५,३८९ रुपयांची आहे.

मी पुण्यास एका खाजगी कंपनीत खरेदी विभागात नोकरीस होते. मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही दोघी तिकडे राहत होतो आणि यजमान येथे साताऱ्यास दुकान पाहत होते. पगार महिना ७८,००० रुपये. जुलै २०२२ मध्ये सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. विम्याने खर्चाचा काही भाग दिला, बाकीचा आम्हीच उभा केला. त्यासाठी माझ्या दोन पाटल्या बँकेत तारण ठेवून ३५,००० रुपये काढले. पाटल्या सासूबाईंनीच मला लग्नात घातलेल्या. त्यांना हे कळू द्यायचे नाही असे आम्ही ठरवले होते. पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला हातातले दागिने फार लवकर दिसतात.

मुलीला वसतिगृहात ठेवून ऑगस्टअखेर मी नोकरी सोडली आणि येथे आले. डिसेंबरपासून शाळेच्या कचेरीत काम मिळाले. पगार २४,००० रुपये. पुण्याच्या पगारापुढे हा पगार सांगताना सुरुवातीला जीभ अडखळत असे; आता अडखळत नाही.

फेब्रुवारी महिन्यात आमच्या हेडक्लार्कनी मला हाक मारली. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. "बाई, एप्रिलपासून आधीच्या नोकरीत किती पगार झाला? कर किती कापला? १२बी नावाचा फॉर्म असतो, तो भरून द्या." हा फॉर्म नव्या मालकाला जुन्या मालकाकडचा पगार आणि कापलेला कर कळवण्यासाठी होता. मी म्हटले, "कर कापलाय कशाला? माझे उत्पन्न आता करपात्रच नाही." भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "पगारपत्रके काढून पाहा."

त्या रात्री मी पुण्याची पगारपत्रके काढून बसले. इतकी वर्षे मी त्या कागदाचा फक्त शेवटचा आकडा पाहत असे, हातात काय पडले तेवढाच. मधल्या रकान्यांशी माझा काही संबंध नाही असेच मला वाटे. त्या मधल्या रकान्यात दर महिन्यास ५,१३१ रुपये कर कापलेला होता आणि शेवटच्या हिशेबात शिल्लक रजेचे जे ४६,८०० रुपये मिळाले त्यांतून एकदम ९,७३४ रुपये.

हे असे का होते ते आधी सांगते, कारण येथेच सगळी मेख आहे. आपण एप्रिलमध्ये वर्षाचे धान्य भरतो ते घरात माणसे बारा महिने राहतील असे धरून. पाचव्या महिन्यात निम्मी माणसे परगावी गेली तर धान्य उरते. कंपनीही एप्रिलमध्ये तसेच करते. माझा बारा महिन्यांचा पगार तिने ९,३६,००० धरला. त्यांतून ५०,००० ची प्रमाणित वजावट, व्यवसाय कर आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा, मुलीची फी वगैरेंची दीड लाखाची वजावट काढली. उरलेल्या ७,३३,५०० वर जुन्या पद्धतीने उपकरासह ६१,५६८ रुपये कर येतो. त्याचे बारा भाग केले आणि दरमहा एक भाग कापला. कंपनीची येथे काही चूक नव्हती. मी पाचव्या महिन्यात घर सोडीन हे तिला काय ठाऊक?

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. पुण्याचे पाच महिने ३,९०,०००. शाळेचे चार महिने ९६,०००. रजेच्या पगारावर नोकरी सोडताना ठराविक मर्यादेपर्यंत सूट असते. माझी रक्कम त्या मर्यादेच्या पुष्कळ आत होती. म्हणून ती वगळली. राहिले ४,८६,०००. त्यांतून ५०,००० आणि व्यवसाय कराचे १,९०० काढले की ४,३४,१०० उरतात, आणि यात अजून विमा, निधी काही धरलेलेच नाही. त्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ साली, जुन्या पद्धतीत पाच लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्यास पुरी सवलत मिळून कर शून्य होत असे. म्हणजे माझा वर्षाचा कर शून्य आणि कापलेला कर ३५,३८९.

मी यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "अगं, कर कापला म्हणजे गेला. सरकारकडून कधी कोणाला काही परत मिळालंय? अन् वर रिटर्न भरायला माणूस पैसे घेणार." त्यांचा स्वभाव वाईट नाही, दुकानाच्या व्यवहारात त्यांनी कराचे पैसे फक्त जाताना पाहिले आहेत. सासूबाई कॉटवरून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "ते पैसे तुझ्या पगारातले ना?" मी हो म्हटले. "मग माग की! लाजायचं काय त्यात?"

त्यांनी एवढे म्हटले नसते तर कदाचित मी कागद पुन्हा पिशवीत भरून ठेवले असते.

भगिनींनो, येथे दोन गोष्टी मला समजल्या. एक, कापलेला कर कंपनी आपल्याजवळ ठेवत नाही. साधारणपणे पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत तो सरकारात भरावा लागतो आणि दर तिमाहीस कोणाचा किती कापला याची यादी द्यावी लागते. म्हणून तो परत करा असे कंपनीला सांगून उपयोग नसतो. पुढचा पगार असता तर तीत वळता केला असता. माझा पुढचा पगारच नव्हता. शाळाही काही करू शकत नव्हती; तिने कापलाच नव्हता तर परत काय देणार? एकच वाट होती, आयकर खात्याकडे विवरणपत्र, ज्याला आपण रिटर्न म्हणतो, ते भरणे. दुसरी गोष्ट, कर शून्य आहे म्हणून रिटर्न भरायला नको हा समज चुकीचा आहे. वजावटी काढण्यापूर्वीचे उत्पन्न त्या वेळच्या अडीच लाखांच्या मर्यादेवर होते, त्यामुळे रिटर्न भरणे मला भागच होते.

पुण्यास असताना रिटर्न कोण भरत असे? दर जुलैत एक गृहस्थ कंपनीच्या कँटीनमध्ये टेबल मांडून बसत. आम्ही रांगेने फॉर्म १६ ची प्रत आणि अडीचशे रुपये देत असू. काम झाले! माझ्या नावाचे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर एक खाते आहे, त्याला परवलीचा शब्द आहे आणि त्यावर फोन नंबर त्या गृहस्थांचा नोंदलेला आहे, हे मला एप्रिल २०२३ मध्ये कळले. माणूस सज्जन निघाला. फोनवर ओटीपी सांगून त्याने ते खाते माझ्या स्वाधीन केले. सज्जन नसता तर काय झाले असते याचा विचार मी अजूनही टाळते.

खाते उघडून मी फॉर्म २६एएस काढला. हे नाव लक्षात ठेवावे, कारण त्या काळी आपल्या नावावर सरकारात किती कर जमा आहे हे सांगणारी खतावणी ती हीच. तीत ३५,३८९ दिसावयास हवे होते. दिसत होते १५,३९३. एप्रिल, मे, जून एवढेच. जुलै, ऑगस्ट आणि शेवटचा हिशेब मिळून १९,९९६ रुपये बेपत्ता!

मी कंपनीस ईमेल पाठवला. उत्तर आले, "कर भरलेला आहे." दुसरा पाठवला, तेच उत्तर. जून महिन्यात फॉर्म १६ आला. त्याच्या पहिल्या भागातही पंधरा हजारच आणि दुसऱ्या भागात मात्र पुरे पस्तीस हजार. एकाच कागदाची दोन पाने एकमेकींशी भांडत होती. मग मी रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले, सोबत पाचही पगारपत्रके, रजेच्या पगाराचा हिशेब आणि २६एएसची प्रत, बेपत्ता रकमेखाली लाल रेघ ओढून. तेव्हा कोठे त्यांनी शोध घेतला. जुलैपासून पगाराचे काम नव्या यंत्रणेकडे गेले होते आणि तेथे माझ्या पॅन क्रमांकातले एक अक्षर चुकीचे टंकले गेले होते. माझे वीस हजार रुपये कोणा अनोळखी माणसाच्या खतावणीत जाऊन बसले होते. तो कोण, त्याला ते दिसले की नाही, देव जाणे. कंपनीने दुरुस्तीचे पत्रक भरले आणि १९ जुलैस माझ्या २६एएस मध्ये पुरी रक्कम आली.

आता या पॅनबद्दल बोलले पाहिजे, कारण पुरुषांना न येणारी अडचण आपल्याला येथे येते.

माझा पॅन लग्नाआधीचा, पहिल्या नोकरीच्या वेळचा. त्यावर माहेरचे नाव. आधारकार्डावर सासरचे नाव. आणि आमच्याकडे लग्नात नुसते आडनाव बदलून भागले नव्हते. ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नावही लिहिले होते. तेव्हा ते फार गोड वाटले होते. बावीस वर्षांनंतर संगणकाला मात्र या दोन वेगळ्याच बायका वाटल्या. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ होती, उशिराचे १,००० रुपये शुल्क भरून. तोवर जोडले नाही तर पॅन निष्क्रिय होणार होता, आणि निष्क्रिय पॅनवर कराचा परतावा मिळत नाही. त्या काळाचे व्याजही मिळत नाही. म्हणजे कंपनीशी पत्रव्यवहार एकीकडे आणि ही धावपळ दुसरीकडे.

पॅनवरील नाव बदलण्यास विवाहनोंदणीचा दाखला लागतो. आमची नोंदणी झालेलीच नव्हती. दुकानदाराने यादी वाचता वाचता म्हटले, "बाई, लग्नपत्रिका चालते बघा." माझा विश्वास बसेना, पण यादीत खरोखर लग्नपत्रिका होती! पत्रिका सापडली सासूबाईंच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत. हळदीचे बोट तसेच होते. तिची छायाप्रत आयकर खात्याकडे गेली, १०७ रुपये शुल्कासह. जूनच्या मध्यास नवे कार्ड आले आणि २६ तारखेस जोडणी झाली.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. पॅनच्या दहा खुणांपैकी पाचवे अक्षर आपल्या आडनावाचे आद्याक्षर असते. नाव दुरुस्त झाले तरी क्रमांक बदलत नाही. त्यामुळे कार्डावर सासरचे नाव आहे आणि क्रमांकात माहेरचे अक्षर. हे कळले तेव्हा मला उगीचच बरे वाटले.

२४ जुलैस मी रिटर्न भरला. १८६० साली जेम्स विल्सन यांनी या देशात आयकर आणला तोही २४ जुलैस, म्हणून खाते हा दिवस साजरा करते; हे मला मागाहून कळले. फॉर्मचे नाव 'सहज'. नाव ठेवणाराचे मला कौतुक वाटते. मुलीला शेजारी बसवले होते, पण आकडे मी घातले. दोन्ही नोकऱ्यांचा पगार एकत्र दाखवावयाचा असतो, प्रमाणित वजावट मात्र एकदाच घ्यावयाची असते, आणि कापलेला कर २६एएसशी रुपया न् रुपया जुळला पाहिजे. शेवटी आधारच्या ओटीपीने पडताळणी केली. ती त्या वेळच्या नियमाप्रमाणे ३० दिवसांत झाली नाही तर रिटर्न वेळेत भरला असे धरत नाहीत. कित्येक जणी भरून मोकळ्या होतात आणि येथेच अडकतात.

सप्टेंबरात बंगळूरच्या केंद्राकडून सूचना आली: कर शून्य, परतावा मंजूर. वेळेत रिटर्न भरला तर एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याज मिळते, तेही धरलेले होते. मी सासूबाईंना पेढा दिला. चौथ्या दिवशी संदेश आला, परतावा जमा होऊ शकला नाही!

कारण ऐका. पुण्याचे पगाराचे खाते किमान शिल्लक ठेवावी लागते म्हणून मी बंद केले होते. शाळेचा पगार आमच्या संयुक्त खात्यात येई. त्या खात्यात पहिले नाव यजमानांचे, पॅन त्यांचा, फोन त्यांचा. माझे नाव दुसरे. आणि परतावा जातो तो ज्याचा पॅन त्याच्याच, आधी पडताळून घेतलेल्या खात्यात. ज्या खात्यात मी पगार टाकत होते, ज्यातून किराणा भरत होते, ते खाते या कामापुरते माझे नव्हते.

यजमानांनाच वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी तेच मला स्कूटरवरून बँकेत घेऊन गेले. माझ्या एकटीच्या नावाचे बचत खाते उघडले, ते संकेतस्थळावर पडताळून घेतले आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती केली. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात व्याजासह ३६,४०० च्या वर रुपये जमा झाले. व्याजावर पुढच्या वर्षी कर दाखवावा लागतो, मुद्दलावर नाही. धनत्रयोदशीस, १० नोव्हेंबरला, पाटल्या सोडवून आणल्या. सासूबाई तोपर्यंत वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येऊ लागल्या होत्या. त्यांनी पाटल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या, खऱ्या आहेत की नाही म्हणून नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तर दिल्या नाहीत ना म्हणून.

आता थोडे इतरांचे सांगते. माझे ऐकून आपल्यांतील काहींनी कागद आणून दाखवले. नावे अर्थातच सांगत नाही.

माझ्या एका भाचीची गोष्ट अगदी उलट झाली. तिने अधिक पगाराची नोकरी धरली, जुन्या पगाराची माहिती नव्या कंपनीस दिली नाही. दोघांनीही पहिली करमुक्त रक्कम आणि प्रमाणित वजावट आपापल्या परीने दिली. जुलैत हिशेब केला तर कर कमी कापलेला, वर व्याज. ती मला म्हणाली, "मावशी, तुला परत मिळाले नि मला भरावे लागले!" नोकरी बदलली की दोहोंपैकी काहीतरी होतेच, म्हणून जुने आकडे नव्या मालकास वेळेवर कळवावे हे बरे.

शेजारच्या एका बाईंनी तीन वर्षांच्या नोकरीनंतर भविष्यनिर्वाह निधी काढला. पाच वर्षे पुरी होण्याआधी काढला आणि रक्कम ५०,००० वा अधिक असली की दहा टक्के कर कापतात. त्यांच्या आधीच्या नोकरीतला निधी त्यांनी या खात्यात वळवला असता तर तीही वर्षे मोजली गेली असती आणि कर लागलाच नसता. मला हे त्यांच्यासमोर सांगताना फार जिवावर आले.

आणखी एक बाई. बाळंतपणासाठी २०२१ च्या अखेरीस नोकरी सोडली, अकरा हजारांच्या आसपास कर कापला गेला, रिटर्न भरलाच नाही. अशा वेळी मागाहून भरावयाच्या अद्ययावत रिटर्नने परतावा मागता येत नाही. पण उशीर माफ करावा असा अर्ज खऱ्या अडचणीचे कारण दाखवून करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. यांच्या वर्षाची ती ३१ मार्च २०२८ ला संपते. व्याज मिळत नाही, आणि अर्ज मान्य होईलच असे मी सांगू शकत नाही. पण बाळाचे जन्मपत्र आणि दवाखान्याचे कागद त्यांनी जपून ठेवले आहेत, ते कारण म्हणून मला तरी पुरेसे वाटते.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. काही लोक घरोघर सांगत फिरतात, "तुम्हांला मोठा रिफंड मिळवून देतो, त्यातले इतके टक्के आमचे." ते काय करतात? न दिलेल्या देणग्या, न भरलेले भाडे, न काढलेला विमा दाखवतात. २०२५ साली आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींविरुद्ध ठिकठिकाणी कारवाई केली. नोटीस येते ती त्या माणसाला नव्हे, आपल्याला. कारण सही आपली, ओटीपी आपला. माझ्या बाबतीत मोह पडण्यास जागाच नव्हती, सगळाच कर परत यावयाचा होता! तसेच "तुमचा परतावा मंजूर झाला, येथे दाबून कार्डाचा नंबर भरा" असे संदेश येतात. खाते कार्डाचा नंबर, पिन वा ओटीपी कधी विचारत नाही. पैसे येतात ते मुकाट्याने खात्यात येतात.

मी सांगितलेले आकडे २०२२-२३ चे आहेत हे ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षापासून नवी करपद्धती आपोआप लागू झाली. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारासारख्या उत्पन्नावर बारा लाखांपर्यंत कर शून्य झाला. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांना व्यवसाय करही एप्रिल २०२३ पासून माफ झाला. आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा संमत झाला, तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे नि फॉर्मांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. मी त्यांची नावे पाठ करून आले नाही, तुम्हीही करू नका. नाव बदलले तरी खतावणी आहे, आणि तीत आपले पान आहे.

दर मंगळवारी भजनानंतर मी वाचनालयाच्या खोलीत बसते. ज्यांनी नोकरी बदलली किंवा सोडली आहे त्यांनी दोन्हीकडची पगारपत्रके, पॅनकार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन यावे. पासबुकावर पहिले नाव कोणाचे आहे ते घरून निघतानाच पाहून या. परवलीचा शब्द मला सांगू नका. मी विचारला तरी सांगू नका. लग्नपत्रिका असेल तर तीही आणा, जुन्या पत्रिका पाहायला मला आवडते.

सासूबाई आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. मघापासून हाताने खूण करून मला पुरे म्हणत आहेत, चहा निवतो आहे.